उजवा रकाना

गंगाखेड,
मंगळवार, १४ डिसेंबर १९९३

चि. रंगनाथ यास,

आशीर्वाद. एरवी 'अनेक' लिहिते. आज एकच पाठवते आहे, जपून वापर.

रविवार, १२ डिसेंबर रोजी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, परभणीच्या त्या भाड्याच्या सभागृहात, तुझ्या छापखान्यातून निघालेले 'रोजचे इंग्रजी : शब्द, अर्थ, वाक्ये' हे पुस्तक माझ्या हातात ठेवण्यात आले. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होते आणि पाहुण्यांच्या भाषणात लक्ष द्यावे असे काही नव्हते.

पुस्तकावर एकच नाव आहे, माझे. बायनाबाई वाव्हळे यांचे नाव मुखपृष्ठावर नाही, आतल्या पानावर नाही, आभारांतही नाही. आभारांत तुझ्या शाईवाल्याचे नाव आहे.

घरी येऊन मी पुस्तक वाचले. सहाशे चाळीस शब्दांपैकी दोनशे अकरा शब्दांची वाक्ये तू बदलली आहेस. काल दिवसभर मोजत होते.

आता पुढचे तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी सांगितले नव्हते असे तुला म्हणता येणार नाही. १९८४ साली मांडीचे हाड मोडून मी दवाखान्यात सात आठवडे पडून होते. बायनाबाई त्या वॉर्डात आया होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या खाटेला लटकवलेला कागद पुढे केला आणि यावर काय लिहिले आहे असे विचारले. मी सांगितले, फास्टिंग, म्हणजे काही न खाता राहणे. त्यांनी कागद परत लटकवला. मग म्हणाल्या की अकरा वर्षे हा कागद बघते आहे, आणि अकरा वर्षे असला कागद लावलेल्या बायांची दया येऊन त्यांना भाकरी नेऊन दिली आणि वर बोलणी खाल्ली. तिथून सुरुवात झाली. मी घरी आल्यावर ड्यूटी संपवून त्या दुपारी माझ्या ओसरीवर यायच्या. नऊ वर्षे आल्या.

आमचे नियम दोनच. अर्थ मी सांगायचा, वाक्य त्यांनी करायचे. आणि वाक्य डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचेच हवे, ऐकीव चालणार नाही. दुसरा नियम त्यांचा. मला हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरने पहिले वाक्य शिकवले ते मांजर चटईवर बसल्याचे. आमच्या वर्गात मांजर नव्हते आणि चटईही नव्हती, पण ते विचारण्याची आम्हाला बुद्धी झाली नाही. बायनाबाईंना पहिल्या दिवशी झाली.

त्या मराठीत सांगत, मग दोघी मिळून इंग्रजी करत असू. व्हिजिटर या शब्दाचे त्यांचे वाक्य होते : बारा नंबरच्या खाटेला व्हिजिटर नाही, म्हणून जाता-येता मीच तिला नावाने हाक मारते. तू छापलेस : राजूकडे एक व्हिजिटर फळे घेऊन आला. सायलेन्सचे त्यांचे वाक्य : भिंतीवर सायलेन्स लिहिले आहे, ज्यांना वाचता येत नाही त्या बाया मोठ्याने रडतात. तू छापलेस : राजू वर्गात सायलेन्स पाळतो. हा राजू कोण? तो अडतीस ठिकाणी आज्ञाधारक आहे, एकवीस ठिकाणी वेळेवर उठतो, आणि अख्ख्या पुस्तकात एकदाही आजारी पडत नाही. दवाखान्यात जन्मलेल्या पुस्तकात असा मुलगा शिरलाच कसा?

बायनाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून त्या देवगाव फाट्याला लेकीकडे, मालनकडे असतात. तिथून त्यांना बोलावलेस तू, आणि पत्रात 'तुमचे पुस्तक' असे लिहिलेस. त्यांनी पुस्तक घेतले, एक पान काढले, वाचले, मिटले, पिशवीत ठेवले आणि साडेपाचच्या गाडीने गेल्या. कोणते पान ते मला व्यासपीठावरून दिसले नाही, पण सांगू शकते. बिलाँगिंग्जचे. त्यांचे वाक्य होते : मेलेल्या बाईचे बिलाँगिंग्ज एक लुगडे, एक तांब्या, चार बांगड्या, न्यायला कुणी आले नाही, म्हणून मी सही केली. ती त्यांची इंग्रजीतली पहिली सही. तिथे तू छापले आहेस की प्रवासात राजू आपले बिलाँगिंग्ज सांभाळतो.

अर्थ कुठल्याही शब्दकोशात मिळतात, मी काही शोधून काढलेले नाहीत. पुस्तक होते ते वाक्यांत. हे कुणाला विचारून केलेस, ते कळव. इकडे उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला आहे, टपाल उशिरा येते. ती सबब तू वापरू नयेस म्हणून आधीच सांगते.

लोभ आहे. वाढवण्याचे आत्ता मनात नाही.

कमलआत्या

०

परभणी,
२१ डिसेंबर १९९३

ती. कमलआत्यास,

रंगनाथचा साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे म्हणून मनातल्या मनात घातला, मानून घ्या. तुमचा एक आशीर्वाद पोचला. घरात चौघे आहोत, वाटून घेतला.

आत्या, तुम्ही रागावणार हे धरून चाललो होतो, इतकं मोजून रागवाल हे धरलं नव्हतं. आता माझी बाजू ऐका. हे पुस्तक शाळांच्या वाचनालयांच्या यादीत लागलं तर चालेल, नाहीतर माझ्या माळ्यावर पडेल. यादी करणारे सगळे मुख्याध्यापक. मी त्यांच्यातल्या दोघांना हस्तलिखित दाखवलं. एकाने विचारलं, सहावीच्या पोरांना मेलेल्या बाईच्या बांगड्या कशाला? दुसऱ्यांनी फक्त सोबतच्या लेखिकेचं शिक्षण विचारलं. मी म्हणालो, दवाखान्यात आया होत्या. त्यांनी हस्तलिखित मिटून माझ्याकडे सरकवलं, बिस्किटाची बशी सरकवतात तसं.

शिवाय दिवस कसे आहेत ते तुम्ही बघायलात. विद्यापीठाच्या नावाचा विषय पुन्हा तापला आहे, कोणत्या दिवशी गाड्या बंद होतील सांगता येत नाही. अशा वेळी लोक पुस्तक नंतर बघतात, मुखपृष्ठावर आडनाव कोणतं ते आधी बघतात. मी तसा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बायना आपली आहे. म्हणून तर कार्यक्रमाला अगत्याने बोलावलं, हार घालायचाही विचार होता, तोवर ती निघून गेली.

राजू कुणी नाही. आठ दिवसांत दोनशे अकरा वाक्यं करायची म्हणजे कुणीतरी गुणी मुलगा लागतोच.

आता जे लिहू नये असं सौ. म्हणते ते लिहितो. कुणाला विचारून केलं, असं तुम्ही विचारता. तुम्हाला विचारून केलं, आत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळी मुद्रितं तपासायला तुमच्याकडे पाठवली होती. आमच्या जुळाऱ्याने पान दोन रकान्यांत लावलं होतं, डावीकडे शब्द आणि अर्थ, उजवीकडे वाक्य. तुम्ही डाव्या रकान्यात त्रेचाळीस चुका काढल्या. एक तर स्वल्पविरामाची होती. उजव्या रकान्यात एक खूण नाही. प्रत्येक पानाखाली तुमची सही आहे. खरं सांगतो, मुद्रितं पाठवल्यावर मी तीन दिवस दुकानातल्या फोनजवळून हललो नव्हतो, आता आत्याचा फोन येतो म्हणून. आला नाही. मी समजलो, आत्याला पटलं.

मुखपृष्ठाचं मुद्रितही त्याच गठ्ठ्यात होतं. तिथे आमच्याकडून तुमच्या नावापुढे एम.ए. पडलं होतं. तुम्ही ते खोडून बी.ए. केलंत आणि खाली लिहिलंत, 'खोटे छापू नये.' तो कागद माझ्याकडे आहे. वाद घालायला ठेवलेला नाही, फक्त आहे.

जुळणी मोडलेली नाही, अक्षरांचे खिळे तसेच उभे ठेवलेत. १ फेब्रुवारीला दुसरी छपाई मशीनवर चढवायची आहे, ती शाळांसाठी. यादीला लेखिकेचं संमतिपत्र लागतं, कोरा छापील कागद सोबत आहे, सही करून पाठवा.

सौ.चे गुडघे थंडीने दुखायलेत. तीळ पाठवते म्हणाली. राग आला तरी पत्र येऊ द्या, तुमच्या रागाचीही आम्हाला सवय आहे.

आपला,
रंगनाथ

०

गंगाखेड,
रविवार, २ जानेवारी १९९४

श्रीमती बायनाबाई वाव्हळे यांस,

जयभीम. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुम्ही नऊ वर्षे ओसरीवर पाय ठेवताना म्हणत होता आणि मी 'हं, या' म्हणत होते.

पुस्तकातून तुमचे नाव आणि तुमची वाक्ये कुणी काढली, हे मी रंगनाथला खडसावून विचारले. त्याचे उत्तर आले. काढली त्याने. चालू दिली मी. ऑक्टोबरात मुद्रिते माझ्याकडे आली होती. मी चार दिवस चष्मा लावून बसले आणि फक्त डावा रकाना वाचला. त्यात माझे अर्थ होते. उजवीकडे तुमची वाक्ये आहेत, ती आपण दोघींनी तपासलेलीच आहेत, असे मनात धरून मी तिकडे पाहिलेच नाही. पाने एकशे साठ. सह्या एकशे साठ.

मुखपृष्ठाचे पानही आले होते. ते मात्र मी पाहिले. माझी पदवी चुकीची पडली होती, ती सुधारली. खाली दुसरे नाव नाही, हे मला दिसले नाही. डोळ्यांचा दोष म्हणावा, तर एम.ए. दिसले होते.

मला क्षमेची वाक्ये पुष्कळ येतात. कॉन्व्हेंटात रोज संध्याकाळी आमच्याकडून म्हणून घेत. ती पाठ आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.

रंगनाथला १ फेब्रुवारीला दुसरी छपाई करायची आहे. त्याआधी बदल होऊ शकतो. शाळांच्या यादीसाठी माझ्या सहीचे एक संमतिपत्र लागते, ते मी रोखून धरले आहे. दुसरे माझ्या हातात काही नाही. आपण वाक्ये लिहीत होतो ती तुमची मूळ वही रंगनाथच्या छापखान्यात गहाळ झाली, असे तिथला जुळारी फोनवर म्हणाला. मला तुमची वाक्ये आठवतात, पण मी ती माझ्या मनाने लिहिली तर मी आणि रंगनाथ यांत फरक तो काय?

तुम्हाला काय करायला हवे आहे, ते कळवा. मी सुचवत नाही. सुचवण्याची सवय मला फार आहे.

मालनला आशीर्वाद. तिच्या शिवणाच्या यंत्राचा पट्टा दुरुस्त झाला का?

तुमची,
कमल पाथरीकर

०

(पोस्टकार्ड)

परभणी, ९ जानेवारी १९९४

ती. आत्यास नमस्कार. तीळ पोचले असतील. संमतिपत्र मात्र इकडे पोचलं नाही. तुम्ही गप्प बसण्यापेक्षा बोललेलं बरं. सौ.ने एक तोडगा काढला आहे आणि मलाही पटला. दुसऱ्या छपाईत आभारांच्या पानावर एक ओळ वाढवतो : 'दवाखान्यातील एका सेविकेचे सहकार्य लाभले.' नाव न घालता. म्हणजे कुणाचंच मन दुखायला नको. चालेल ना? सही लौकर पाठवा. कंबर बरी आहे. रंगनाथ.

०

देवगाव फाटा,
१६ जानेवारी १९९४

बाईंना बायनाबाईचा सप्रेम जयभीम.

तुमचा जयभीम पोचला. मालनला दाखवला. ती म्हणाली, आई, बाईंचं अक्षर लय वळणदार हाय, एवढे दिवस कुठं ठेवलं व्हतं. तिला दटावलं. यंत्राचा पट्टा झाला.

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा इथल्या बायांसाठी मोठ्यानं. मोठ्यानं वाचताना माझं नाव काढल्याचा आन तुमच्या एकशे साठ सह्यांचा मजकूर गाळला. तो का गाळला ते पुढं सांगते.

पान पाहिलं आन माझं नाव नसलेलं दिसलं न्हाई, असं तुमी लिहिलंय. मला नवल वाटलं न्हाई. राउंडला येणाऱ्या डॉक्टरला खाट दिसायची, कागद दिसायचा, पाय पुसणं वाकडं हाय ते दिसायचं, आन खाटेपाशी उभी असलेली मी दिसायची न्हाई. रागानं बोलत न्हाई, पाहिलेलं सांगायले. परभणीला त्या दिवशी वर पाच खुर्च्या व्हत्या. चार भरल्या. एक पाव्हणा आलाच नव्हता. तुमी त्या खुर्चीवर तुमची पिशवी ठेवली. मी तिसऱ्या रांगेतून बघायले व्हते. मी म्हणलं, बाईंची पिशवी जड असंल.

आता बायांचं सांगते. आमच्या वस्तीतल्या सात जणी दुपारी शेतातून आल्या की मालनच्या ओट्यावर बसतात. मी तुमच्यावानीच शिकवते. अर्थ मी, वाक्य त्यांचं. फवारणीच्या डब्यावरचं पॉयझन, गोळ्याच्या पाकिटावरचं एक्सपायरी, गाडीवरचं रिझर्व्हड. सरजाबाई त्यात थोरली, साठीची. तिनं एक्सपायरीचं वाक्य केलं की दुकानदारानं तारीख गेलेल्या गोळ्या दिल्या, मी वाचून परत केल्या, तो म्हणला तुला कुणी शिकवलं, मी म्हणलं तुला काय करायचं. लय मोठं वाक्य हाय, पण घडलेलं हाय म्हणून तसंच ठेवलं.

मी परभणीहून पुस्तक घेऊन आले तर सगळ्या वाट बघायल्या. म्हणल्या, तुझं वाचून दाखव. मला व्हिजिटरचं पान निघालं. मी छापलेलं व्हतं तेच वाचलं, फळं घेऊन आलेलं. सरजाबाईनं ऐकलं आन म्हणली, "हे तुझं न्हाई. सरकारी वॉर्डात तू कवा बघितला फळं आणलेला पाव्हणा?"

बाई, तवा मी खोटं बोलले. मी म्हणलं, ही छपाई शाळेच्या लेकरांची, आपली पुढच्या महिन्यात निघणार हाय, तिच्यात माझं नाव आन माझी वाक्यं.  सरजाबाईनं माझ्याकडं बघितलं न्हाई, दुसऱ्या शब्दाला लागली. नऊ वर्षांत मी न पाहिलेलं वाक्य एकदाबी केलं न्हाई, ते त्या दिवशी केलं, आन तेबी माझ्याच विद्यार्थिनींपुढं. म्हणून तुमच्या पत्रातला तेवढा मजकूर गाळावा लागला. एकाला दुसरं जोडत गेलं.

मला रंगनाथरावाशी भांडायचं न्हाई. हार नको. आभारात नको. बारा नंबरच्या खाटेवरल्या बाईला मी हाक मारायची, त्या वाक्यात मी म्हणजे कोण ते पुस्तकावर पायजे, नाहीतर राजू काय वाईट. मी बायांना जे बोलले ते खरं व्हावं, एवढंच मला पायजे. न्हाई झालं तर मी ओट्यावर बसून कुठल्या तोंडानं म्हणू, पाहिलेलंच सांगा म्हणून?

शुक्रवारी विद्यापीठाचं नाव जाहीर झालं. पुरं न्हाई झालं, जोडून झालं, तरी झालं. फाट्यावर पेढे वाटले. पोलिसांची गाडी उभी व्हती, त्यांलाबी दिले. एका हवालदारानं दोन घेतले. त्या नावाला सोळा वर्षं लागली. माझं नाव तेवढं मोठं न्हाई, मला पंधरा दिवसांत पायजे.

वही हरवली तर हरवू द्या. वाक्यं माझी हायत, मी परत लिहिते. तुमाला समोर बसावं लागंल, इंग्रजी एकटीला पुरं जमत न्हाई. पण गंगाखेडला मी येणार न्हाई, बाई. नऊ वर्षं मी आले. आता तुमी या. फाट्याला उतरा, कुणालाबी मालन शिवणवाली विचारा. येताना जाड पांघरूण आणा, इथं गार वारं सुटलंय आन आमच्याकडं जादाचं एकच हाय.

माया हाय तशी राहू द्या, ती कमी केल्यानं काई सुधारत न्हाई.

बायनाबाई वाव्हळे

०

मुक्काम देवगाव फाटा,
सोमवार, २४ जानेवारी १९९४

चि. रंगनाथ यास,

आशीर्वाद. किती, ते तुझे उत्तर पाहून ठरेल.

पत्त्यावरून तुला कळले असेल. गुरुवारी दुपारी इथे उतरले. दोन खोल्यांचे घर आहे. पुढच्या खोलीत मालनचे शिवणयंत्र, मागच्या खोलीत आम्ही. बायनाबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. चार दिवसांत दोनशे अकरा वाक्ये झाली. खरे तर दोनशे नऊ. दोन वाक्ये त्यांनी परत देण्यास नकार दिला, त्यांतल्या बाया अजून जिवंत आहेत आणि आता ते छापलेले त्यांना आवडणार नाही, असे त्या म्हणाल्या. ही काळजी नऊ वर्षांत मला कधी सुचली नव्हती. त्या दोन शब्दांना नवीन वाक्ये दिली आहेत.

दुपारी सात बाया ओट्यावर येतात. पहिल्या दिवशी मलाही त्यांच्यात बसवले. निवृत्त शिक्षिका असल्याचा इथे काही उपयोग होत नाही. मला नेबर हा शब्द मिळाला. मी वाक्य केले की चांगल्या नेबरमुळे आयुष्य सुखाचे होते. सरजाबाई नावाच्या एक वयस्कर बाई आहेत, त्यांनी विचारले, "कोणाच्या? नाव सांगा."  वाक्य रद्द झाले. दुसऱ्या दिवशी मी वाक्य केले की माझ्या नेबरच्या घरी मी नऊ वर्षांनी आले. ते त्यांनी ठेवून घेतले. गंगाखेड आणि देवगाव फाटा हा शेजार कसा, असे कुणी विचारले नाही.

एक शब्द वाढला आहे. बायनाबाईंनी प्रूफचा अर्थ विचारला. मी सांगितला, छापण्यापूर्वी चुका शोधण्यासाठी वाचायचा कागद. त्यांचे वाक्य : बाईंनी प्रूफ चार दिवस वाचले, अर्धे. हे पुस्तकात जावे की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. जाईल. शब्द सहाशे एक्केचाळीस झाले आहेत, मुखपृष्ठावरचा आकडा बदल.

तुझे पोस्टकार्ड इथे सोबत आणले होते. 'दवाखान्यातील एका सेविकेचे सहकार्य' ही ओळ मी बायनाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी विचारले की दवाखान्यात सेविका चौदा होत्या, त्यांतली कोणती? तुझ्या तोडग्याला मी यापेक्षा चांगले उत्तर देऊ शकत नाही.

मुद्रितांचा तुझा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी वाचले नाही. सही केली. तो कागद जपून ठेव आणि हवा तर मुख्याध्यापकांना दाखव. पण मी आंधळी होते म्हणून तू केलेले बरोबर ठरत नाही. तीन दिवस फोनजवळ बसलास, म्हणजे तुला ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते, हा माझा दोष. तुला ठाऊक होते, हा तुझा. दोन्ही वेगवेगळे धुवावे लागतील. आणि दिवस नाजूक आहेत, हे मला पटवू नकोस. ज्यांच्यासाठी ते नाजूक असतात, त्यांच्या घरात बसून मी हे लिहिते आहे. त्यांनी तक्रार केलेली नाही. त्या पोलिसांना पेढे देतात.

तर आता काय करायचे ते सांगते. सोबतचा गठ्ठा तुझ्या जुळाऱ्याला दे. उजव्या रकान्याचे खिळे मोडून नव्याने जुळव. मुखपृष्ठावर दोन नावे येतील, वाक्ये बायनाबाई वाव्हळे, अर्थ कमल पाथरीकर, या क्रमाने, कारण विकत घेणाऱ्याला कमी महत्त्वाचे आधी का द्यावे? मुद्रिते फाट्याला पाठव, गंगाखेडला नको. इथे दोघी वाचू. त्या माझा रकाना वाचतील आणि मी त्यांचा. दोघींच्या सह्या असलेल्या पानालाच मंजुरी समज, एकटीच्या सहीला नाही, विशेषतः माझ्या.

संमतिपत्र माझ्याकडे नाही. ते बायनाबाईंच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यावर मी सही केली आहे आणि शेजारी दुसऱ्या सहीची रेघ पट्टीने आखली आहे. ती जागा केव्हा भरायची ते त्या ठरवतील. एक नाव असलेली दुसरी छपाई मशीनवर चढवलीस, तर यादीतल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला मी स्वतः पत्र लिहीन की या पुस्तकातला मजकूर माझा नाही. ते खरे आहे, त्यामुळे लिहायला सोपे जाईल. तुझ्या बापाला मी मांडीवर घेऊन इंग्रजीची पहिली अक्षरे गिरवायला लावली होती, हे नाते मी विसरलेले नाही. म्हणून हे तुला आधी लिहिते आहे, त्यांना नंतर.

सौ.ला सांग, तीळ छान होते, इथे सगळ्यांना पुरले.

उत्तर लेखी हवे. फोन नको, निरोप नको, छापखान्याच्या माणसाबरोबर चिठ्ठी नको. सोमवार, ३१ जानेवारी रोजी संध्याकाळी पाचच्या आत ते इथल्या टपालात पोचले पाहिजे. पाकिटावर 'श्रीमती बायनाबाई वाव्हळे, देवगाव फाटा' असे पुरे नाव घाल, आणि आत त्यांना अहो-जाहो लिही. मला वेगळे उत्तर पाठवू नकोस. त्या वाचतील, आणि मला सांगण्यासारखे त्यात काही असेल तर सांगतील.

वाट पाहणारी,
कमल पाथरीकर